अपिलाची मुदत

भिंगार नाक्यावर माझी गाडी सातव्यांदा बंद पडली, तेव्हा बारीक भुरभुर चालू होती आणि मागचा बसवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता.

काचेवर टकटक झाली. बाहेर एक तरुण उभा होता. चष्म्यावर थेंब, बाह्या दुमडलेल्या.

"न्यूट्रलला घ्या. मी ढकलतो."

एकट्याने त्याने गाडी कडेला लावली. मी आभार मानायला उतरले, तर हा बॉनेटकडेच बघत होता.

"नवीच दिसतेय."

"पाच महिन्यांची. चार वेळा शोरूमला नेऊन आणली. झाली म्हणतात... आणि दोन दिवसांनी परत तेच."

"प्रत्येक वेळचे कागद ठेवलेत ना?"

"सगळे. ग्राहक आयोगात तक्रारसुद्धा केलीय."

"मग सोडू नका," तो हसला आणि समोरून निघालेल्या बसमागे पळाला. नाव विचारायचं राहूनच गेलं. ते राहून गेलेलं दोन दिवस टोचत होतं.

मी निवेदिता, फिजिओथेरपिस्ट. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, पक्षाघात झालेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. भिंगारमध्ये आणि आसपासच्या गावांत. गाडी त्यासाठीच घेतली होती. ती बंद पडली की कुणाचं तरी चालायला शिकणं लांबायचं. आणि कंपनीने आयोगात काय लिहून दिलं? 'गाडीत दोष नाही. तक्रारदारास गाडी नीट चालवता येत नाही.' ते वाचून मी रात्रभर रडले होते.

पुढच्या तारखेला आयोगाने गाडी तपासायला तज्ज्ञ नेमला. संगमनेरच्या तंत्रनिकेतनात ऑटोमोबाईल शिकवणारे कुणी रविराज सर. दार उघडलं आणि आत आला... तोच! मला बघून त्याचे कान लाल झाले.

"मॅडम," तो अध्यक्षबाईंना म्हणाला, "आधीच सांगतो. ही गाडी मी एकदा ढकललेली आहे."

सगळे हसले. अध्यक्षबाईंनी हसू दाबलं. "ढकलताना काही मत झालं का तुमचं?"

"नाही... म्हणजे, गाडीबद्दल नाही."

मी खाली फाइलमध्ये बघत राहिले. एक अक्षरही दिसत नव्हतं.

कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली नाही. बाहेर व्हरांड्यात मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही रविराज."

तो दोन पावलं मागे सरकला. "आता कंपनीचा माणूस हजर असेल तेव्हाच बोलायचं आपण. नाहीतर उद्या म्हणतील, तज्ज्ञ फितला."

"नमस्कारसुद्धा नाही?"

त्याने विचार केला. "नमस्कार चालेल. छोटा."

तपासणीच्या दिवशी मी चालवत होते, शेजारी तो लॅपटॉप घेऊन, मागे कंपनीचा इंजिनियर सुनील. रविराज मला नावाने हाक मारत नव्हता. "तक्रारदारांनी डावीकडे घ्यावं." "तक्रारदारांनी वेग कमी करावा." साठ किलोमीटर फिरलो. गाडी एकदाही बंद पडली नाही!

"बघा सर," सुनील म्हणाला, "गाडी ओके आहे."

माझे डोळे भरून आले. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग शेजारून हळू आवाज आला, "उद्या तक्रारदारांनी आपली रोजची फेरी करावी. जिथं थांबता तिथं, तेवढाच वेळ थांबायचं."

दुसऱ्या दिवशी मी एक पेशंट केला, दुसरा केला. तिसरं घर गोजरबाईंचं. मी त्यांचा गुडघा वाकवून घेत होते, रविराज आणि सुनील समोर ओट्यावर बसले होते.

"ह्यो कोन गं बाई?" गोजरबाईंनी विचारलं.

"गाडी तपासायला आलेत."

"गाडी तपासतोय व्हय? मंग नजर का हिकडं हाय त्याची?"

त्याने घाईने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. लॅपटॉप बंद होता. सुनीलला खोकला आला.

परत निघालो. शंभर पावलं गेलो असू... गाडीने एक आचका दिला आणि ती थांबली.

"तापलेलं इंजिन, वीस मिनिटांची विश्रांती, आणि परत सुरू केल्यावर पेट्रोलचा दाब पडतोय," रविराजने स्क्रीन सुनीलपुढे धरला. "ही चालवण्यातली चूक आहे?"

सुनील खूप वेळ बघत राहिला. "नाही सर. हा गाडीचाच दोष आहे."

मी एकदम हसले आणि रडलेही. रविराजचा हात माझ्याकडे यायला उचलला गेला, मध्येच थांबला... आणि त्याने खिशातलं पेन काढलं.

अहवाल आला. दोष मूळचा, चारदा दुरुस्ती करूनही न गेलेला. पण शेवटी एक ओळ होती: 'तक्रारदाराने दुसरी सर्व्हिसिंग आठशे किलोमीटर उशिरा केली.' कंपनीचे वकील त्या एका ओळीवर अर्धा तास बोलले. अध्यक्षबाईंनी रविराजला विचारलं, "या उशिरामुळे असा दोष येऊ शकतो?" तो शांतपणे म्हणाला, "नाही."

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलंच. समोर सुनील होता, म्हणजे बोलायला मोकळीक होती.

"तेही लिहायची काय गरज होती?"

"खरं होतं."

"मी हरले असते!"

"तुमच्या विरुद्धचं लिहिलं, म्हणून तुमच्या बाजूचं त्यांनी मानलं," तो म्हणाला. मग अगदी हळू, "आणि तुम्हाला जिंकवायची मला फार इच्छा होती. म्हणूनच जास्त जपून लिहावं लागलं."

माझा राग कुठे गेला, मला कळलंच नाही.

निकाल माझ्या बाजूने लागला: नवी गाडी किंवा पूर्ण किंमत परत, मी म्हणेन ते. गाडी चालवता येत नाही हा शिक्का पुसला गेला. मी किंमत परत मागितली. पण त्याचा फोन आला नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला.

"मला वाटलं होतं..." मी माझ्या वकील सविताताईंना म्हणाले आणि पुढचं गिळलं.

त्या हसल्या. "अगं, कंपनीला अपिलाला पंचेचाळीस दिवस असतात. तोवर तो माणूस तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही."

कंपनीने अपील केलं नाही. शेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी संगमनेरच्या एसटीत बसले.

दुपारी तंत्रनिकेतनच्या फाटकातून तो विद्यार्थ्यांच्या घोळक्यात बाहेर आला. मला बघून जागीच थांबला.

"मुदत काल संपली," मी म्हटलं.

"माहितीय. आज सकाळीच फोन करणार होतो. पण दहाला लेक्चर होतं."

"आणि अकराला?"

"अकराला... धीर नव्हता." त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "निवेदिता, मला तुम्ही आवडता. त्या नाक्यावर काच खाली केलीत तेव्हापासून. हे आयोगापुढे सांगता आलं नाही."

"मला मात्र उशीर झाला," मी म्हणाले. "त्या आठशे किलोमीटरच्या ओळीपासून."

तो इतका मोठ्याने हसला की फाटकावरचा वॉचमन वळून बघायला लागला. मग आम्ही शेजारी शेजारी चालत स्टँडवर आलो. त्याने चौकशीच्या खिडकीवर माझ्या परतीसाठी नगरच्या गाड्या विचारल्या.

"साडेतीनची लागलीय," तो माझ्याकडे वळून म्हणाला. " मग साडेचार. मग सहा."

समोर साडेतीनच्या गाडीचा कंडक्टर नगर, नगर ओरडत होता. मी जागची हलले नाही. रविराजने माझा हात हातात घेतला, आणि गाडी आमच्या समोरून निघून गेली.