बागेतली तबकडी

दोन हजार आठच्या साली धनराजचं गंगापूर रोडला लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान व्हतं. गडी निफाडचा, हाताचा हुशार, पन डोकं तापल्या तव्यावानी. जुन्या लॅपटॉपाची हार्डडिस्क कुरकुरायला लागली की काढून तिथं तो कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड बसवायचा. कार्डात फिरतं काय नसतं, म्हनून आवाज नाय. काढलेल्या डिस्का फोडून आतल्या चकचकीत तबकड्या तो घरी न्यायचा आन् द्राक्षबागेत तारेला टांगायचा. वाऱ्यावर चमकल्या की पाखरं बुजत्यात.

एक दिवस मंगलाबाई आली. लॅपटॉप तिच्या मेलेल्या पोरीचा, मोहिनीचा. दवाखान्यात पडल्या पडल्या पोरीनं त्यात आईसाठी बोलून ठेवलेलं. तेवढाच आवाज मागं उरलेला.

"भाऊ, बाकी काय जाऊ दे," बाई म्हनली. "माझी पोर तेवढी कार्डावर घे."

डिस्क जिवंत व्हती, पन अडकत व्हती. कट... कट... कट. कॉपी निम्म्यात आली की पुन्हा पहिल्यापासून. दुपारपातुर धनराजनं कड काढली, मंग त्याचं टाळकं सटकलं. स्क्रूड्रायव्हरची मूठ अशी हानली, की डिस्क गप झाली ती झालीच. कोरं कार्ड बसवून त्यानं बाईला लॅपटॉप दिला.

"आवाज आधीच गेलेला व्हता, मावशी."

बाई उठली. लॅपटॉप लेकरावानी छातीशी धरून गेली. तबकडी त्याच सांजला बागेत लटकली.

थोड्या दिवसांनी बाई पेढे घेऊन हजर. म्हनली, मोहिनी बोलती. धनराजला हसू आलं. बाईनं लॅपटॉप उघडून त्याच्या कानाजवळ धरला.

आतून द्राक्षबागेतल्या फवारणीच्या गंधकाचा वास आला. मंग कट... कट. आन् एक घोगरा, बारीक आवाज.

"आई... ऊन लय हाय गं. वारा गरगर फिरवतो. मला खाली काढ..."

धनराजच्या हातातला पेढा पडला.

"रोज नवं बोलती," बाई हरखून सांगाया लागली. "काल म्हनली, तारेखाली येक पोरगी खेळती. तिच्यात उतरते आता. हर्षाली म्हनं. भाऊ, ही हर्षाली कोन?"

हर्षाली धनराजची पोर. येकुलती येक.

त्यानं दुकान उघडंच टाकलं, मोटारसायकलला लाथ मारली. बाई न विचारता मागं बसली, लॅपटॉप मांडीवर घेऊन. निफाडपातुर त्यानं गाडी दामटली.

बागेत येक पाखरू नव्हतं. पान हलत नव्हतं, तरी तारेवरच्या तबकड्या गरगर फिरत व्हत्या. येका दोऱ्याची गाठ तशीच, खालची मोहिनीची तबकडी मातर नाय. त्याच दोऱ्याखाली हर्षाली पाठमोरी बसलेली.

"हर्षे..."

पोर वळली. तोंड उघडलं. "आ... आ... आ..." गळ्यात कट... कट वाजत व्हतं. शब्द निम्म्यात यायचा, पुन्हा पहिल्यापासून.

धनराजनं हात पसरले. पोर त्याच्या बाजूनं निघून गेली, मंगलाबाईच्या कमरेला बिलगली.

"आई."

बाईनं तिच्या केसातली माती झटकली, तिला कडेवर घेतलं. धनराज तिच्या पायात लोळला, माझी पोर दे म्हनून रडला. बाईनं शांतपनी लॅपटॉप त्याच्या म्होरं मातीत ठेवला.

"तुझी आधीच गेलेली व्हती, भाऊ."

ती पोरीला घेऊन बांधाबाहेर गेली. धनराज तसाच पडून. लॅपटॉपाचं झाकन आपोआप वर झालं. आता आत कट नाय, कुरकुर नाय, कायच नाय. मंग त्या गपगार मशिनीतून हळूच आवाज आला.

"पप्पा... हितं काय फिरत नाय."