येते हं

१९८४चा डिसेंबर. ओहायोतल्या एका लहानशा म्युझियमच्या तळघरात पद्मिनीचं काम तसं साधंच होतं. एक जुनं दगडी थडगं नीट बघायचं आणि त्याची माहिती टाइप करायची. नवरा गिरीश तिकडे टेक्ससमध्ये, शुगर लँडला. शनिवारी फोन, बाकी आठवडा मुका. म्हणून ती थडग्याशीच बोलायची, तेही मराठीत. बिचारी बोलणार तरी कुणाशी?

थडगं सातशे वर्षांपूर्वीच्या एका स्पॅनिश बिशपचं. मोठ्या सरदार घराण्यातला मुलगा. सातव्या वर्षी बापानं त्याला चर्चला देऊन टाकलं. पुढे भाऊ एका किल्ल्यापायी आपसांत लढून मेले, आणि सगळ्यांना मूठमाती यानंच दिली. राहिली धाकटी बहीण, मेन्सिया. 'परत येते' म्हणून सासरी गेली, ती आलीच नाही. थडग्याच्या कडेला आईबाप, भाऊ ओळीनं कोरलेले होते. शेवटचा कोनाडा मात्र रिकामा, खाली नुसतं तिचं नाव. पद्मिनीला त्या बिशपची फार कीव यायची.

संध्याकाळी पाचला पर्स उचलून ती म्हणायची, "येते हं."

पहारेकरी वॉल्टरनं एकदा अर्थ विचारला.

"आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, अशुभ असतं. 'येते' म्हणायचं."

वॉल्टर हसला नाही. "म्हणजे तू त्याला रोज वचन देतेस."

तेव्हापासून तळघरात विझलेल्या मेणबत्तीचा वास यायला लागला. निघताना पाय जड व्हायचे. टेक्ससला जायची तारीख तिनं दोनदा पुढे ढकलली, का ते तिचं तिलाच कळेना.

"पद्मा, तू येणार आहेस ना नक्की?" फोनवर गिरीशचा आवाज रडवेला झाला. ती घाबरली. त्याच दिवशी तिनं राजीनामा दिला आणि विमानाचं तिकीट बुक केलं.

शेवटच्या दिवशी पाच वाजले. आज 'येते' म्हणायचं नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. पण जीभ रेटेना. आईनं ऐकलं असतं तर फाडकन थोबाडीत दिली असती. दाराकडे तोंड करून ती कशीबशी म्हणाली, "जाते मी."

हीटरची घरघर तेवढी चालू होती. मग तीही थांबली. मागून घोगऱ्या, अगदी मायेच्या आवाजात कुणीतरी म्हणालं...

"जाते म्हणू नये... येते म्हणावं."

त्या आख्ख्या इमारतीत मराठी येणारी ती एकटीच होती.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. दार उघडलं, आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, तिच्या तोंडून निघून गेलं, "येते हं."