सव्वाचारचा पास

रविवारी दुपारी मी बोनकोडेला गेले ती एका साध्या बिघाडासाठी. पाठीला लॅपटॉप, हातात पाण्याची बाटली. नोव्हेंबर लागला तरी ऊन कडक होतं, आणि खाडीकडून चिखलाचा खारट, कुबट वास येत होता.

त्या दिवशी काय झालं ते मी आता कुणालाही सांगते. पण सांगताना मला भीती कमी आणि राग जास्त येतो. मध्येच आवाज चढला तर मनाला लावून घेऊ नका.

आमची कंपनी लहान. ऑफिस सीबीडी बेलापूरला. उपग्रहांचं वेळापत्रक ठेवणारा प्रोग्रॅम आम्ही चालवतो. एखादा उपग्रह क्षितिजावर उगवतो, डोक्यावरून जातो आणि दहाबारा मिनिटांत पलीकडे मावळतो. तेवढ्या वेळात त्याच्याकडून माहिती उतरवून घ्यायची. अशा एका फेरीला पास म्हणतात. कुठला उपग्रह किती वाजता येणार, डिशनं कुठल्या दिशेला बघायचं, हे सगळं प्रोग्रॅम ठरवतो आणि त्याप्रमाणे डिश आपोआप फिरते. ही डिश बोनकोडे गावात, गोटीरामदादांच्या तीन मजली घराच्या गच्चीवर. दोन पुरुष उंचीची, पांढरी. फिरायला लागली की तिची कड गच्ची झाडल्यासारखी फिरते.

मार्च महिन्यात त्याच कडेनं सुधीरचा जीव घेतला.

सुधीर आमचा टेक्निशियन. मूळचा कोरेगावचा, वय सेहेचाळीस. डिशच्या सांध्याला ग्रीस लावायला तो वर गेला होता. गच्चीवर एक लाल चावी आहे. ती फिरवली की लॉक लागतो, आणि चावी परत फिरवेपर्यंत डिश हलत नाही. सुधीरनं लॉक लावला होता. सव्वाचारला एका मोठ्या ग्राहकाचा पास होता. ऑफिसात बसलेल्या राजवर्धन सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, कॉम्प्युटरवरून तो लॉक काढला. डिश फिरली आणि सुधीर कठड्याला चेपला गेला. गोटीरामदादा वर धावले तोवर सगळं संपलं होतं.

संध्याकाळी सरांनी प्रोग्रॅमच्या नोंदवहीतली लॉकची ओळ पुसली. अहवालात लिहिलं गेलं, 'कर्मचाऱ्यानं सुरक्षा लॉक लावला नव्हता.' म्हणजे मेला तो आपल्याच चुकीनं! त्याची बायको सगुणा ऑफिसात आली तेव्हा सरांनी तिला तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. मी तिथेच होते. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं.

आता त्या बिघाडाचं सांगते. बारा दिवस वेळापत्रकात एक पास आपोआप येत होता. वेळ रोज सव्वाचार. उपग्रहाच्या नावाची जागा रिकामी, संपायच्या वेळेची जागाही रिकामी. मी तो रोज पुसायची आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा असायचा. त्याची दिशा तर अशक्यच होती. तो आकाशातून जातच नव्हता. जमिनीच्या रेषेत, दक्षिणेला, दहा किलोमीटरवर. उपग्रह असा जमिनीवर उभा असतो का कुठे?

"सोमवारी क्लायंट येतोय," सर फोनवर ओरडले होते. "जा, तिथे बस आणि काय तो कचरा साफ कर. लिहिलाय तूच ना प्रोग्रॅम?"

"हो सर," मी म्हटलं. दात आवळून.

बोनकोडेला पोचले तेव्हा पावणेचार झाले होते. गोटीरामदादा ओट्यावरच बसले होते. त्यांच्या बायकोनं, मालतीबाईंनी, पाणी आणून दिलं, पण बस म्हणाल्या नाहीत.

"बाय, ती तुमची ताटली रोज फिरते," दादा म्हणाले. "सवाचारला. आमी समजलो कंपनीचा काम हाय."

"काम नाही दादा. बिघाड आहे."

"मना नाय वाटत बिघाड." त्यांनी बायकोकडे बघितलं. "तू सांग गो."

मालतीबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या टायमाला मी कपडे काढाया वर जात नाय. ग्रीसचा वास येतो. ताजा. आनि आठ महिने झाले, कोन लावतंय ग्रीस?"

मी पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला. जिना चढले.

गच्चीवर कुणी नव्हतं. टाकीच्या सावलीत बसून मी लॅपटॉप जोडला. वास खरंच होता. कोमट, जड, गॅरेजमध्ये येतो तसा. मी उठून सांधे बघितले. ग्रीस लावलेलं होतं, नवंकोरं, आणि त्यावर बोटांचे ठसे होते.

सव्वाचारला डिश हलली.

एरवी तिची मोटर घुमते. या वेळी काहीच आवाज नव्हता. ती नुसती वाकली, मान खाली घालत घालत, पार जमिनीच्या रेषेत आली आणि दक्षिणेकडे तोंड करून थांबली. पडद्यावर अंतर आलं, नऊ किलोमीटर. मग आठ पूर्णांक आठ... आठ पूर्णांक पाच...

बारा दिवसांत हे अंतर कधी कमी झालं नव्हतं. मी मागच्या नोंदी काढल्या. रोज दहा किलोमीटर. फक्त काल, शनिवारी, चाळीस, आग्नेयेला. मी नकाशावर रेघ ओढली. ती कर्जतला जात होती. काल सर कर्जतच्या फार्महाऊसवर होते. फोटो टाकले होते त्यांनी.

आणि दहा किलोमीटरवर आमचं ऑफिस...

तेवढ्यात फोन वाजला. सरच होते.

"झालं का? मी स्वतः येतोय. तुमच्याच्यानं काही होत नाही."

"सर, कुठे आहात तुम्ही?"

"सीवूड्स मागे टाकलं आत्ता. का?"

पडद्यावर आठ पूर्णांक एक होतं. मी डोळे मिटून उघडले. सात पूर्णांक नऊ.

"सर, येऊ नका," मी म्हटलं.

"काय?"

"परत फिरा. डिश... ती तुम्हाला शोधतेय."

पलीकडे ते हसले. "डोकं फिरलंय का तुझं? त्या माणसाचं टेन्शन अजून घेतेस? आपल्या मूर्खपणानं मेला तो. विषय संपला." फोन बंद.

खरं सांगते, मी पुन्हा फोन केला नाही. करू शकले असते. वाशीच्या सिग्नलला, कोपरखैरणेत शिरताना, कधीही. आपल्या मूर्खपणानं मेला, हे शब्द कानात गरम तेलासारखे उतरले होते. मी टाकीला पाठ लावून बसले आणि आकडे बघत राहिले. पाच. साडेतीन. डिश मुंगीच्या चालीनं नैर्ऋत्येला वळली, तिथून परत. गाडीबरोबर. एक. शून्य पूर्णांक तीन...

खाली गाडीचा दरवाजा आपटला. डिश आता थेट जिन्याच्या दाराकडे बघत होती.

सर वर आले ते घामानं भिजून, चिडून. "एसी सोडून या भट्टीत यायला लावलंस. दाखव काय ते." ते गच्चीच्या मधोमध आले. डिश त्यांच्याबरोबर फिरली. ते थांबले तशी तीही थांबली. त्यांनी डावीकडे एक पाऊल टाकलं. डिशनंही तेवढंच तोंड वळवलं.

"बंद कर," ते म्हणाले. आवाज उतरला होता.

मी धावत जाऊन लाल चावी फिरवली. मनात कितीही विष असलं तरी हात धावलाच. पडद्यावर आलं, 'लॉक लागू.' डिश थांबली नाही. सर जिन्याकडे निघाले, तशी तिची कड आडवी आली. ते मागे सरले. आणखी मागे. मी ओरडले, "दादा, मेन स्विच पाडा!" खालून खटका पडल्याचा आवाज आला. लॅपटॉपचा चार्जर विझला, गच्चीवरचा पंपही बंद पडला. डिश चालूच होती. बिनविजेची, बिनआवाजाची.

सर कठड्याला टेकले. मार्चमध्ये सुधीर जिथे होता तिथेच. कड त्यांच्या छातीला लागली आणि दाबत गेली. हाड मोडल्याचा बारीक आवाज मी ऐकला.

"मी काढला..." त्यांना श्वास पुरत नव्हता. "लॉक मी काढला. नोंद मी पुसली. बस... सांगितलं ना... सोड..."

डिश थांबली. पण मागे सरली नाही.

लॅपटॉपला रेडिओचा छोटा स्पीकर जोडलेला होता. आतापर्यंत त्यातून नुसती खरखर येत होती, ती बंद झाली. शांततेत कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. मग आवाज आला, दमलेला, नम्र, नेहमीसारखा.

"मॅडम..."

एवढंच. मॅडम. आणि मला कळलं, डिश सरांसाठी नाही, माझ्यासाठी थांबली होती.

आठ महिने मी राजवर्धन सरांवर जळत होते. जेवताना, झोपताना, त्यांच्यासमोर 'हो सर' म्हणताना. त्या रागाच्या आड मी किती छान लपले होते! गच्चीवरचा लॉक ऑफिसातून काढायची सोय प्रोग्रॅममध्ये होती, असं मी मघाशी सांगितलं. कुणी लिहिली ते सांगितलं नाही. मी लिहिली. सर म्हणाले, टेक्निशियन लॉक लावून चहाला जातात, आपले पास बुडतात. ही सोय धोक्याची आहे हे मला कळत होतं. तरी मी एका दुपारीत ती लिहून दिली.

आणि त्या दिवशी चार वाजता सुधीरनं मला फोन केला होता.

"सुधीर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तू फोन केला होतास. मॅडम, लॉक लावलाय, अर्धा तास पास लावू देऊ नका, म्हणालास. मी हो म्हटलं आणि मीटिंगला जाऊन बसले. सरांना सांगायला विसरले. आणि नंतर... नंतर आठवलं तरी कुणाला सांगितलं नाही. पुसलेल्या नोंदीची प्रत माझ्याकडे आहे. पहिल्या दिवसापासून आहे."

डिश अगदी सावकाश मागे झाली, वर उठली आणि तोंड आभाळाकडे करून स्थिर झाली. सर कठड्याखाली घसरून बसले. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर छातीवर ग्रीसचा पट्टा होता.

त्यांच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. रुग्णालयातून त्यांचा पहिला निरोप आला तो वकिलामार्फत, की गच्चीवर ते काहीही बोलले नाहीत, आणि डिश मी मुद्दाम त्यांच्यावर सोडली. म्हणा म्हणावं! गोटीरामदादांनी जिन्यात उभं राहून सगळं ऐकलं होतं. सोमवारी ते माझ्याबरोबर बेलापूरला पोलिसांकडे आले आणि शब्दन् शब्द लिहून दिला. मी नोंदीची प्रत दिली, लॉक काढायची सोय मी लिहिली हेही लिहून दिलं, सुधीरच्या फोनचंही. केस उभी आहे. आरोपींत सरांचं नाव आहे आणि माझंही. ते बरोबरच आहे.

मंगळवारी दुपारी मी सगुणाकडे गेले. कोपरखैरणेतच, एका बैठ्या घरात ती राहते. तिनं मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं. मी सगळं सांगितलं, काही न गाळता. ती चौकटीला धरून ऐकत राहिली. रडली नाही.

"आठ महिने," ती शेवटी म्हणाली. "आठ महिने मला मान्सं म्हनत्यात, तुजाच नवरा बेफिकीर. पोरीच्या शाळंत म्हनत्यात. आनि तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"माफी मागू नका."

"नाही मागत."

ती आत गेली. मला वाटलं झालं. पण ती हातात फोन घेऊन परत आली आणि तो माझ्यासमोर धरला. जुना, कोपऱ्यात तडा गेलेला.

"तुमी येनार, हे मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं व्हतं. त्याच दिशी. फोन आल्ता."

"त्याच दिवशी? किती वाजता?"

तिनं बोटानं दाखवलं. मार्चची तीच तारीख. सुधीरचा नंबर. संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटं. बोलणं चार मिनिटं.

सहा वीसला सुधीर वाशीच्या शवागारात होता. आणि त्याचा फोन, दोन तुकडे झालेला, पोलिसांच्या पाकिटात. त्या पाकिटावर साक्षीदार म्हणून सही मीच केली होती.

"काय... काय म्हणाला तो?"

सगुणानं माझ्याकडे बघितलं. ऑफिसात बघितलं होतं तसंच, पण या वेळी मला खाली बघता आलं नाही.

"तुमी येनार म्हनाले. खरं बोलनार म्हनाले," ती म्हणाली. "आनि त्याच्या म्होरं तुमचं काय व्हनार, तेबी सांगितलं."

"काय?"

"ते मी तुमाला न्हाई सांगनार."

आणि तिनं दार लावून घेतलं.