दोन थेंब काळा

दुकानात आधी शिडी आली, मग तो. आणि त्या शिडीच्या टोकाला तिच्या स्वेटरची बाही अशी अडकली, की मनगटावरचं हिरवं बटण तुटून थेट डब्यांच्या रांगेखाली गडप झालं. राहू दे, ती म्हणाली. तरी तो गुडघे टेकून शोधत राहिला, आणि उठून म्हणाला, नाही मिळालं. त्याच्या कानाच्या पाळीला पांढरा रंग लागला होता. तिनं तो पाहिला... आणि तिनं पाहिलं हे त्यानंही पाहिलं.

ती रंगाच्या दुकानात कामाला होती. कुणी चिंधी आणो, कुणी फुटक्या कपाचा तुकडा, नुसत्या नजरेनं ती हुबेहूब तसा रंग कालवून द्यायची. पण वर्षापूर्वी मालकांनी यंत्र आणलं. तेव्हापासून तिनं फक्त आकडा दाबायचा आणि यंत्र भरेल तो डबा पुढे सरकवायचा. नोकरी सोडावी, घरोघरी जाऊन लोकांना भिंतींचे रंग ठरवून द्यावेत, स्वतःच्या नावावर – असं रोज सकाळी तिच्या मनात यायचं. आणि रोज दुपारपर्यंत बाबांचं वाक्य आठवायचं, की हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.

आणि हा शिडीवाला बघा! लोकांच्या भिंती रंगवतो, पण कुणाचा नोकर नाही. आज या गल्लीत, उद्या त्या. तो तिला आवडला होता की तिला त्याचा नुसता हेवा वाटत होता, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

पुढच्या आठवड्यात त्यानं खिशातून एक गुलाबी बटण काढलं. एका बाईंना दिवाणखाना याच रंगाचा हवा होता. यंत्राचा नको, तुम्ही कालवा, असंही म्हणाला. ती अशी खुलली! पण तिनं नमुन्यापुरता रंग कालवेपर्यंत त्यानं सांगून टाकलं, की बाई नाटकात काम करतात, हसतात फार छान, आणि तो शिडीवर असला की चहा वरच आणून देतात.

वरच.

तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना. मग ती बटणवाली रोज दुकानात येऊ लागली, म्हणजे त्याच्या बोलण्यातून. बटणवाली म्हणाली तुमचा हात हलका आहे, बटणवालीनं छतही रंगवायला सांगितलं. घरी ताईनं विचारलं, तोंड एवढंसं का झालंय? काही नाही, ती म्हणाली. काही नाही कसलं, नुसता जळफळाट!

मोठा डबा कालवायचा दिवस आला तेव्हा तिनं काळ्याचे दोन थेंब जास्त टाकले. मुद्दाम. ओला रंग फसवतो, खरा चेहरा वाळल्यावरच दाखवतो. नेहमीसारखा झाकणावर रंगाचा एक ठिपका लावून तिनं डबा त्याच्या हातात दिला.

दोन दिवस तो फिरकला नाही. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की स्वतःच्या नावावर काम करायची स्वप्नं बघणाऱ्या आपणच दुसऱ्याच्या नावाला काळं फासलं. भिंत बिघडली तर त्याला कोण बोलावणार?

तिसऱ्या दिवशी आधी शिडी आली, मग तो.

"मी काळा जास्त टाकला," त्यानं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "मुद्दाम."

"माहीत आहे. झाकणावरचा ठिपका वाळला तेव्हाच दिसलं."

"मग... भिंत?"

"बाईंना ठिपका दाखवला. म्हणाल्या, हाच लावा, आधीचा फार गोड होता. बाकीच्या खोल्यांचे रंग तुम्हीच येऊन ठरवायचे, असा निरोप आहे." तो काउंटरवर वाकला. "तुमचा हात चुकत नाही कधी. मग असं का केलंत?"

ती यंत्राकडे बघत राहिली. "त्या तुम्हाला... चहा वर आणून देतात."

तो आधी हसला. मग हसता हसता थांबला, आणि खिशातून काहीतरी काढून त्यानं हळूच तिच्यापुढे ठेवलं. हिरवं बटण.

"मिळालं नाही म्हणाला होतात."

"खोटं बोललो. मला माझी खोली या रंगाची हवी आहे. दुकानातून नको... तू ये. ठरव. आणि मग रोज तुलाच बघावा लागेल तो रंग, म्हणून नीट ठरव."

तिनं बटण मुठीत घट्ट धरलं. त्याच संध्याकाळी तिनं मालकांना सांगितलं, महिनाअखेर जाते. आणि बाबांना सांगितलं, की तुमचं ते पळतं पळत नाहीये. शिडीला टेकून माझी वाट बघतंय.

पहिलं काम अर्थातच बटणवालीकडे. बाई खरंच फार छान हसत होत्या, त्यामुळे हेवा वाटायचा तो वाटलाच. म्हणून बाई चहा घेऊन शिडीकडे निघाल्या तेव्हा तिनं कप अलगद त्यांच्या हातातून घेतला.

"राहू द्या हं... वर मी नेते."

वर पोचली तेव्हा दिसलं, त्याच्या कानाच्या पाळीला आज गुलाबी लागला होता. तिच्याच हातचा.