मूठ डावीकडे

खंडेनवमीच्या दुपारी केदार बेहेरे अमेरिकेतल्या वूस्टरच्या इंडियन स्टोअरमधून झेंडूची फुलं घेऊन निघाला, तेव्हा त्याच्या मनात एकच भीती होती, ती म्हणजे फुलं कमी पडायची. त्याची बायको हिमानी, तिच्या लता मावशी नागपूरहून सहा महिन्यांसाठी श्रूजबरीला आल्या होत्या, आणि सण म्हटला की त्यांना घराचा कोपरान् कोपरा सजलेला लागे. त्यांनी दोन पाउंड सांगितली होती, केदारने तीन घेतली. जावयाने शहाणपणाने वागावं ते असं.

गराजचं दार वर गेलं आणि त्याला हसू फुटलं. स्नोब्लोअरला हळदकुंकू. लॉनमोअरला हळदकुंकू. आत गेला तर हिमानीचा लॅपटॉप, स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या, पिझ्झा कापायचं चाक, सगळी मंडळी कुंकू लावून ओट्यावर ओळीने बसली होती. मावशींनी एकही हत्यार सोडलं नाही, असं तो कौतुकाने म्हणाला.

"सोडीन कशी?" मावशी पुरणाचा गॅस बारीक करत म्हणाल्या. "सकाळी अकरालाच उरकलं बघा. खालच्या तुमच्या तलवारीपासून सुरुवात केली. घरातलं मुख्य हत्यार ते."

केदारच्या हातातली पिशवी खाली पडली आणि झेंडू फ्रिजखाली गेले.

आता ती तलवार काय होती, हे सांगायला हवं. बेसमेंटमध्ये लाकडी घोडीवर ठेवलेली ती साडेतीनशे वर्षांची जपानी तलवार केदारची नव्हतीच. ती वॉल्टरची. चौऱ्याऐंशी वर्षांचा वॉल्टर म्हणजे या नादातला त्याचा गुरू. गेली आठ वर्षं केदार दर रविवारी त्याच्याकडे जाऊन पाती ओळखायला शिकत होता, आणि या एका पात्यावर त्याचा जीव जडला होता. वॉल्टरचे हात थरथरायला लागले तेव्हा त्याने अट घातली. सहा महिने सांभाळून दाखव. गंजाचा एक ठिपका दिसला तर ती म्युझियमला जाईल, नाही दिसला तर तुझी. सहा महिने उद्या, दसऱ्याला भरत होते.

आणि या पात्याला माणसाचं बोट चालत नाही. घामाचा एक ठसा तासाभरात पोलादात उतरतो आणि मग जन्मभर जात नाही. बोलताना उडालेली थुंकीसुद्धा चालत नाही, म्हणून जुनी माणसं पातं पुसताना ओठांत कागदाची घडी धरतात. कागदाने पुसायचं, लवंगेच्या तेलाचा हात फिरवायचा, की झालं.

"मावशी, तिला कुणी हात लावायचा नाही, असं मी सांगितलं होतं..."

"हात कुठे लावला? अनामिकेने कुंकू टेकवलं फक्त. जरा ओलं करून, नाहीतर चिकटत नाही. आणि म्यानाची कसली पूजा करायची, म्हणून बाहेर काढली."

अकरापासून चारपर्यंत पाच तास. केदार जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरला. बेसमेंटमध्ये मागच्या खिडकीतून पिवळं ऊन आलं होतं. लवंगेचा वास सगळीकडे भरून राहिला होता, ताजा, नाकात जाणारा. तलवार म्यानात होती आणि म्यान घोडीवर. समोर कुंडीतल्या झेंडूची चार फुलं नीट ओळीत मांडली होती. त्याने ओठांत कागद धरला आणि मनात देवाचं नाव घेत पातं बाहेर काढलं.

पातं स्वच्छ होतं. कुंकवाचा कण नाही, बोटाचा डाग नाही. तेलाचा इतका पातळ हात फिरलेला, की केदारला आठ वर्षांत तसा जमला नव्हता. तो खालीच बसला. आनंदाने त्याला रडू यायचंच बाकी होतं.

वर जाऊन त्याने मावशींना विचारलं, की पुसलंत कशाने.

"मी कुठे पुसलं? तुमचे ते पाहुणे आले होते ना, त्यांनी."

"कोण पाहुणे?"

"मी नैवेद्याची वाटी आणायला खाली गेले, तर जमिनीवर मांडी घालून बसले होते. मला वाटलं मागच्या दाराने आले असतील. चहा विचारला, तर नुसती मान हलवली. बोलणार कसे? तोंडात कागद धरला होता त्यांनी. घडी घातलेला..."

हा कागदाचा प्रकार केदारने घरात कधीच कुणाला सांगितला नव्हता. तो हळूच म्हणाला, की वॉल्टर असेल तो. उंच, वॉकर घेऊन चालणारा.

"छे. माझ्या खांद्याला लागतील एवढेच. पण काय सवयीचा हात होता हो त्यांचा. मी चहा ठेवून आले, तो मात्र तसाच राहिला."

मागचं दार आतून बंद होतं. चहावर साय धरली होती.

दुसऱ्या दिवशी वॉल्टरला त्याची मुलगी केदारकडे आणून सोडून गेली. दारातून मान वाकवून आत येताना त्याला श्रीखंडाचा वास आला आणि म्हातारा खूश झाला. आधी त्याने तलवार पाहिली. दिव्याखाली, खिडकीत, चष्मा लावून आणि काढून. मग मान डोलावली. केदारला गप्प बसता आलं असतं, पण गुरूशी खोटं बोलून मिळालेली तलवार त्याला नको होती. त्याने कुंकू, बोट, पाहुणे, सगळं सांगून टाकलं.

वॉल्टर चिडला नाही. त्याने मावशींना फक्त एक विचारायला सांगितलं, पाहुण्यांनी तलवार परत ठेवली ती मूठ कुठल्या बाजूला करून?

"डावीकडे," मावशी म्हणाल्या आणि त्याच्या पानात आणखी एक पुरी वाढली.

वॉल्टरने सुस्कारा सोडला. घोडीवरची मूठ डावीकडे असली, तर उजव्या हाताला ती झटकन उपसता येत नाही, म्हणजे घरात शांतता आहे, असं त्याने समजावलं. उजवीकडे असली तर माणूस तयारीत आहे. तलवार हाती आल्यापासूनच्या एकतीस वर्षांत तो स्वतः मूठ डावीकडेच ठेवत आला. पाहुणे त्याच्याकडेही येत, त्याचं काही चुकलं की पुसून ठेवत, बाकी त्रास नाही. फक्त एका सकाळी मूठ उजवीकडे दिसली होती.

"मग काय झालं?" केदारने विचारलं.

"त्या दिवशी कोणीतरी माझ्याकडे यायला निघालं होतं."

"कोण?"

वॉल्टरने वाटीतलं श्रीखंड संपवलं. "आत आलंच नाही ते," तो म्हणाला. मग हसून त्याने केदारच्या पाठीवर थोपटलं. तलवार आता केदारची होती. मावशींनी बॅगेतून आणलेलं आपट्याचं पान म्हाताऱ्याच्या हातावर ठेवलं, एक पान खाली तलवारीपाशी ठेवलं, आणि घरात सण झाला.

त्यानंतर मावशी रोज चारला खाली एक कप चहा ठेवू लागल्या. तो कोणी पीत नसे, तरी त्यांचा नेम चुकला नाही. हिमानी दोघांना हसे. केदारही हसे, पण रोज सकाळी कॉफीच्या आधी मूठ बघून येई. डावीकडे. मग दिवस बरा जाई.

भाऊबीजेच्या सकाळी मूठ उजवीकडे होती.

केदार वर धावला. हिमानी शॉवरमध्ये होती, मावशी ताटात सुपारी शोधत होत्या. सूर्य नुकताच वर आला होता आणि सगळ्या लॉनवर पांढरं हिम पडलं होतं, मीठ भुरभुरावं तसं. त्याने पुढच्या दाराच्या काचेतून पाहिलं. रस्त्यापासून हिमात पावलं उमटली होती. अनवाणी. लॉनवरून आली होती, तीन पायऱ्या चढली होती आणि दारापुढच्या पायपुसण्याशी येऊन थांबली होती. परत जाणारं एकही पाऊल नव्हतं.

"मावशी, बेल वाजली का...?"

"नाही बाई. का हो?"

तो पुन्हा खाली गेला. लवंगेचा वास जिन्यातच आला. मूठ डावीकडे होती. पातं लख्ख. घोडीच्या पायाशी पुसायच्या कागदाची घडी पडली होती आणि तिच्यावर एक लाल रेघ होती.

केदारने ती वर आणून मावशींपुढे धरली. खंडेनवमीचं कुंकू कुठेतरी राहिलं असेल का, मुठीच्या फटीत वगैरे, असं त्याने विचारलं. त्यांनी हो म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

मावशींनी कागदावर अनामिका टेकवली आणि बोट उजेडात धरलं.

"कुंकू इतके दिवस ओलं राहतं होय, केदारराव?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी हात धुतले आणि पाहुण्यांसाठी चहा टाकला.