खीळभेट

सगुणाच्या रेवतीचं लग्न झालं ते साल २०५८. त्याच वर्षी रेवतीच्या सासरच्यांनी कोरा करकरीत आकाशपाळणा घेतला होता, म्हणून दोन्ही घरांना ते साल पक्कं लक्षात राहिलं. लग्नाचा मांडव माळावर दोन चाकांच्या मध्ये घातला होता. एकीकडे सगुणा आणि तिचा नवरा धोंडीराम यांचं चौदा वर्षं जत्रा फिरलेलं चाक, दुसरीकडे जावई उद्धवच्या घरचं, रंगाचा वास अजून न गेलेलं.

पाळणेवाल्यांत एक जुनी रीत आहे. दोन घरं सोयरी झाली की अक्षता पडल्यावर दोन्ही बाप आपापल्या चाकाची एक खीळ काढून एकमेकांना देतात. खीळ म्हणजे वीतभर लांब आणि अंगठ्याएवढा जाड पोलादी दांडा. प्रत्येक पाळणा अशा दोन खिळींवर लटकतो. "आजपासून तुमच्या पाळण्यात बसलेलं माणूस आमच्याही भरवशावर," असं म्हणून ती हातात द्यायची. खीळभेट झाली नाही तर लग्न लागूनही सोयरीक अर्धीच राहिली, असं बिरादरी मानते.

पण आता या रितीच्या आड जावळं आलं होतं.

ज्या यंत्रावर माणसं जीव टाकून बसतात, अशा प्रत्येक यंत्राला जावळं असलंच पाहिजे, असा कायदा होऊन पंधरा वर्षं झाली होती. कायद्यात त्याला संगणकीय प्रतिरूप म्हणतात. जत्रेतल्या लोकांनी त्याला सरळ जावळं, म्हणजे जुळं, म्हटलं, कारण एका पोटी जन्मलेल्या दोन जिवांसारखंच ते होतं. फरक इतकाच, की हे जावळं खऱ्या यंत्राच्या आधी जन्मतं. चाक कागदावर आखलं जातं तेव्हाच संगणकात त्याचं दुसरं चाक तयार होतं. मग पोलाद कुठल्या भट्टीतलं, ते किती तापवलं, खीळ कोणत्या दिवशी घडवली, हे त्यात नोंदलं जातं. चाक माळावर उभं राहिलं की त्याचे फेरे, पाळण्यात बसलेल्यांचं वजन, ऊन, पाऊस, धूळ, सगळं क्षणाक्षणाला जावळ्याकडे जात राहतं. इथे खरं चाक फिरतं, तेव्हा दूर शहरात संगणकातलं चाकही फिरत असतं. इथला प्रत्येक हिसका त्याला बसतो. त्यावरून ते सांगतं, की अमक्या खिळीचं आयुष्य इतकं उरलं. खीळ भंगारात वितळेपर्यंत ते तिची पाठ सोडत नाही.

प्रत्येक खिळीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक बिल्ला बसवलेला असे. परक्या बिल्ल्याची खीळ लावली की दिवा लाल व्हायचा आणि मोटार सुरूच व्हायची नाही. मग खीळभेट करायची कशी?

"त्यात काय एवढं?" धोंडीराम म्हणाला. "खिळी बदलू. बिल्ले राहू देत आपापल्या घरी." त्याने बिल्ल्यांवरची लाख तापवली, सुईने दोन्ही बिल्ले उपसले आणि अदलाबदल करून बसवले.

"सरकारला कळलं तर, मामा?" नवरदेव उद्धवने विचारलं.

"सरकारला कुठं आवतण धाडलंय?" धोंडीराम म्हणाला, आणि सगळा मांडव हसला.

त्या दिवशी चौदा वर्षांची म्हातारी खीळ नव्या चाकात गेली, नव्या खिळीच्या नावाने. आणि बारा दिवसांची नवी खीळ सगुणाच्या चाकात आली, म्हातारीच्या नावाने. यात काही वाकडं आहे असं कोणालाही वाटलं नाही. पुढच्या वर्षी धोंडीराम काविळीने गेला आणि चाक सगुणा एकटी चालवू लागली.

२०६१ च्या चैत्रात सातव्या पाळण्याचा दिवा पिवळा झाला. त्या खिळीचं आयुष्य संपलं, असं जावळं सांगत होतं. दोन दिवसांनी दुपारी तपासनीस इंजिनिअर आल्या. वैराळे त्यांचं आडनाव. वय तिशीचं, पण चाकावर चढताना कोणाचा हात धरत नसत. त्यांनी खीळ उतरवली, नवी बसवली, आणि जुनी कॅलिपरमध्ये धरून मोजली. मग पुन्हा मोजली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजली.

"मावशी, ही खीळ सतरा वर्षं फिरली?"

"बिल्ला काय म्हणतो?"

"सतरा."

"मग सतरा."

"जावळं म्हणतंय, ही दीड मिलिमीटर झिजायला हवी. आत भेगसुद्धा पडायला हवी. ही तर नव्यासारखी आहे!"

"मग जावळ्याला झीज दिसत नाही का?"

"नाही हो. चाकात बसलेल्या खिळीच्या पोटात कोण डोकावणार? ते फक्त हिशेब करतं. इतके फेरे, इतकं वजन, म्हणजे इतकी झीज."

"म्हणजे पत्रिकाच की ही."

वैराळे हसल्या. "पत्रिका चुकली तर भटजी पत्रिका बदलत नाहीत, मावशी. आमचं चुकलं तर आम्ही गणितच बदलतो. म्हणून तर शेवटचं माप महत्त्वाचं. खीळ जगून निघाली की ती मोजायची आणि गणिताला विचारायचं, तू बरोबर होतंस का? जे कळेल ते राज्यातल्या सगळ्या जावळ्यांना शिकवायचं. पुढच्या खिळी घडवणाऱ्या कारखान्यालाही. एकीचं मरण बाकीच्यांना शहाणं करतं."

"एका खिळीवरून?"

"पूर्ण आयुष्य काढून निघालेल्या खिळी यंदा नऊच आहेत. बाकीची चाकं मधेच मोडीत जातात. त्यात तुमची सगळ्यांत म्हातारी, तिच्या शब्दाला फार वजन. आम्ही उगाच घाबरत होतो, मावशी. आता सगळ्या खिळींना आणखी एक तृतीयांश आयुष्य देता येईल."

सगुणाला हे शेवटचं धड ऐकूच आलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोंगावत होती. ही जर नवी खीळ, तर म्हातारी कुठे आहे? रेवतीच्या चाकात. तिथेही सातव्याच पाळण्याला. सोयऱ्याची खीळ सातव्या पाळण्याला लावतात.

"मॅडम, समजा गणित बरोबर असतं. मग ही किती दिवस टिकली असती?"

"गणित बरोबर असतं तर?" वैराळे बॅग आवरत म्हणाल्या. "मग एव्हाना कधीही तुटली असती."

सगळं सांगून टाकावं असं सगुणाला वाटलं, पण सांगणार कसं? बिल्ल्यात हात घातला तर शिक्षा काय, ते सगळ्या पाळणेवाल्यांना पाठ होतं. चाकाची आणि जावळ्याची फारकत करतात. जावळं नसलेलं चाक पुन्हा कधी फिरत नाही. इथे तर दोन चाकं होती, आणि रेवतीला सातवा महिना लागला होता.

"ही खीळ मला द्याल?" ती म्हणाली. "मालकांच्या हातची आहे."

"वितळवायचा नियम आहे." वैराळेंनी तिच्याकडे पाहिलं. मग बिल्ला उपसून स्वतःच्या डबीत टाकला. "माप तर घेतलंय. देवघरात ठेवा. चाकात नको हं."

त्या गेल्याबरोबर सगुणाने लेकीला फोन लावला.

"रेवा, सातवा पाळणा बांधून ठेव. कोणाला बसवू नको."

"का? दिवा हिरवा आहे की."

"दिवा मरू दे. मी सांगते ते कर."

"आई, आज जत्रेचा मोठा दिवस आहे. ह्यांना काय सांगू?"

"सांग, आईने नवस बोललाय. मी निघालेच."

एसटीने तीन तासांची वाट होती. पिशवीत खीळ आणि मांडीवर पिशवी घेऊन सगुणा बसली होती. रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिला त्या दुसऱ्या खिळीला बसलेला हिसका वाटत होता. लेकीला दोनदा फोन केला, तो लागला नाही. जत्रेच्या आवाजात फोन कोण ऐकणार?

फाट्यावर उतरली तर लांबूनच चाक दिसलं. ते फिरत होतं. चालता चालता ती पाळणे मोजू लागली. सातवा पाळणा, पिवळ्या रंगाचा. तो वर चढत होता आणि त्यात माणसं होती. एक फेटेवाला म्हातारा आणि दोन बाया.

ती धावत सुटली. चाकाजवळ पोचली आणि ओठावर आलेली किंकाळी तिने गिळली. चाक एकदम थांबवलं की पाळण्यांना जोराचा हिसका बसतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? उद्धव मोटारीपाशी उभा होता. तिने त्याचा दंड धरला.

"हळू थांबवा. एकदम नाही. अगदी हळू."

"मामी? झालं काय? ही म्हणत होती नवस आहे म्हणून, पण गर्दी बघा की."

"जावईबापू, पाया पडते. हळू."

तिचा चेहरा पाहून उद्धवने मुकाट्याने वेग उतरवला. चाकाचे शेवटचे दोन फेरे संपता संपेनात. सातवा पाळणा माथ्यावर गेला, तिथे रेंगाळला, एका अंगाला किंचित झुकल्यासारखा वाटला आणि खाली येऊ लागला. सगुणाने डोळे मिटले नाहीत. पाळणा फळीला टेकला तशी तिने स्वतः दार उघडून तिघांना खाली घेतलं.

"अजून दोन फेरे बाकी हैत की आमचे!" म्हातारा रागावून म्हणाला.

"दुसऱ्या पाळण्यात बसा आजोबा, चार घ्या," सगुणा म्हणाली आणि खालीच बसली.

उद्धवने खीळ काढली. मधोमध, जवळजवळ सगळ्या बाजूंनी, केसासारखी काळी रेघ गेली होती. त्याने नख फिरवलं, तर नख रेघेत अडकलं. सगुणाने दुपारी काय घडलं ते सांगितलं. मग पिशवीतली खीळ दिली. उद्धवने बिल्ला तिच्यात बसवला आणि खीळ जागेवर सारली. दिवा आधीही हिरवा होता, नंतरही हिरवाच राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो खरं बोलत होता. ज्या नावाची खीळ, त्याच नावाचा बिल्ला. आता कोणी कितीही तपासलं तरी कुठे काही सापडणार नव्हतं.

"मॅडमना सांगायला हवं," उद्धव म्हणाला. "त्यांनी आपल्या खिळीवरून माप धरलंय ना?"

शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या रेवतीने पोटावर हात ठेवला आणि आईकडे पाहिलं.

"बाळंतपण होऊ दे," सगुणा म्हणाली. "मग बघू."

भेगाळलेली खीळ तिने धडप्यात बांधली आणि घरी आणून ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

रेवतीला मुलगी झाली. मग पाचवी झाली, बारसं झालं. सगुणा म्हणाली, पोर रांगू दे. दिवाळीत सगळ्या पाळणेवाल्यांना संदेश आला, की नव्या मोजणीनुसार खिळींचं आयुष्य एक तृतीयांशाने वाढवलं आहे. लोकांनी जत्रेत पेढे वाटले. सगुणाच्याही हातावर एक ठेवला. तो तिने तसाच मुठीत धरला, तिन्हीसांजेपर्यंत.

तिने वैराळेंना तीनदा फोन लावला. दोनदा वाजण्याआधीच बंद केला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला.

"बोला मावशी."

"काही नाही. नातीला दात आले."

"अरे वा! पेढे कुठायत?"

सगुणा स्वतःला समजावत असे, की राज्यात हजारो खिळी आहेत, त्यात एकीने काय होतंय? पण जावळं कसं शिकतं हे तिला वैराळेंनीच समजावून दिलं होतं, आणि ते तिला नीट समजलं होतं. कुठल्याही जत्रेत गेली तरी ती आधी दुसऱ्यांच्या चाकाखाली उभी राहून कान द्यायची. लोक म्हणायचे, सगुणाबाईंना आता चाकाचं भय बसलंय.

२०६३ च्या माघात, दोनशे मैलांवरच्या एका जत्रेत पाळणा पडला. चौथ्या दिवशी सकाळी वैराळे सगुणाच्या दारात आल्या. त्यांना कोणी पाठवलं नव्हतं. चहा समोर आला, त्यांनी घेतला नाही.

"त्या खिळीला जावळ्याने अजून चारशे दिवस दिले होते," त्या म्हणाल्या. "जुन्या गणिताने ती गेल्या दिवाळीतच निघाली असती. नव्या गणितावर सही माझी आहे. मी सगळं पुन्हा तपासलं, मावशी. आकडा न् आकडा. चूक सापडत नाही."

सगुणा उठली. ट्रंक उघडली, धडपं आणलं आणि टेबलावर सोडलं. "ही खरी म्हातारी. रेवाच्या लग्नात खिळी बदलल्या, बिल्ले नाही," ती म्हणाली. वैराळेंनी खीळ हातात घेतली, भेगेवर बोट फिरवलं. मग सवयीने बॅगेतून कॅलिपर काढला. दोनदा मोजलं.

दीड मिलिमीटर. जुन्या गणिताने सांगितलं होतं तितकंच.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"तुम्ही मोजलंत त्या दुपारपासून."

वैराळेंनी खीळ टेबलावर ठेवली. मग सगुणाने विचारलं, "कोण होती ती माणसं?"

वैराळेंनी सांगितलं. शर्वरी खरमाटे, वय अठ्ठेचाळीस, आणि तिची मुलगी इरा, वय बावीस. दोघी एकाच पाळण्यात बसल्या होत्या. मंगळवार, तेरा फेब्रुवारी २०६३ रोजी, माघी पौर्णिमेच्या जत्रेत, संध्याकाळी पाचच्या सुमाराला दोघी मेल्या.