मांडवाचा दोर

आठ वर्षांत भानुमतीनं सख्ख्या भावाला पहिल्यांदा नावानं हाक मारली, आणि तीही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी!

"वासुदेवाऽऽ! ये, बाहेर ये! तुझ्या झाडानं काय केलंय ते डोळे भरून बघ!"

आंधी नुकतीच ओसरली होती. नव्व्याण्णव सालची ती ज्येष्ठातली आंधी ज्यानं पाहिली नाही, त्याला सांगून पटायचं नाही. त्या दिवशी मल्हारगंजातल्या एका हलवायाची कढई जिलब्यांसकट उडाली आणि थेट पंधरा कोस दूर मानपुरला हायवेवर एका ट्रकवाल्याच्या पुढ्यात उतरली, आणि त्या पठ्ठ्यानं आधी जिलब्या संपवल्या, मग ब्रेक लावला, असं आमच्या गल्लीत आजही शपथेवर सांगतात. कढईचं खोटं असेल हो... पण जांभळाचं खरं! वासुदेवच्या परसातलं ते दोन मजली जांभूळ मुळांसकट उपटलं, मधली भिंत फोडून पलीकडे आलं आणि भानुमतीच्या मोगऱ्यावर आडवं झालं. बेचाळीस झुडपं होती. भर बहरातली, कळ्यांनी लहडलेली! आता पानं दिसत होती ती जांभळाची, आणि त्यांच्याखाली कुठे कुठे चिखलात रुतलेली पांढरी टिकली.

मोगरा हा भानुमतीचा शौक नव्हता, तिचं पोट होतं. तीस वर्षं तिनं कापडमिलच्या वाइंडिंग खात्यात तुटलेलं सूत जोडलं होतं. मिलनं तिला घरी बसवल्यावर तेच हात फुलं ओवू लागले. रोज पहाटे कळ्या खुडायच्या, गजरे करायचे, देवळाच्या पायरीशी विकायचे. त्यावर एक जीव कसाबसा जगत होता. मानानं जगत होता!

वासुदेव बाहेर आला. पन्नाशीही गाठली नव्हती, पण मिल बंद पडल्यापासून म्हाताराच दिसायचा. त्यानं आधी बहिणीकडे पाहिलं, मग बागेकडे, मग उपटलेल्या बुंध्याकडे. बुंध्याच्या बेचक्यातून एक जाड सुती दोर लोंबत होता. त्याचं टोक त्यानं उचललं, बोटांनी चाचपलं... आणि मुठीत दाबून धरलं.

"मुका झालास का रे? सहा वर्षांचा होतास, आईबाप गेले, तेव्हा पदराला धरून भोंग्यासारखा रडायचास! कोणी वाढवलं तुला? मला सांगून आलं, तर तो नवरा म्हणाला, मुलगी पसंत आहे, पण सोबत भाऊ नको. मी म्हटलं, मग नवराच नको! त्याचं फळ दिलंस ना हे मला? आधी मिलमधून उठवलीस... आता बागेतूनही उठवलीस!"

भिंतीच्या भगदाडाशी गल्ली गोळा झाली होती. "वासुदेव भिया, ये तो गलत हुआ," कुणीतरी म्हणालं. शेजारच्या आनंदीबाईंना तर धीरच धरवेना. "मी स्वतः निरोप दिला होता हो याला! भानू म्हणतेय झाड कललंय, तोडून टाक. तर म्हणाला, घरात कार्य आहे, फळतं झाड आत्ता तोडत नाहीत, लग्न होऊन जाऊ दे. घ्या! झालं ना लग्न!"

"चुकलं माझं," वासुदेव एवढंच म्हणाला, आणि दोर खाली सोडून आत गेला.

भानुमतीला वाटलं, जिंकलो आपण. पण तिची नजर त्या लोंबत्या दोरावरून हटेना.

मिलमधून उठवण्याचं प्रकरण असं. एक्क्याण्णव साली मिल आचके देऊ लागली. बाहेर सगळं नवंनवं येत होतं, टीव्हीवर रोज एक चॅनेल उगवत होतं, आणि मिलच्या फाटकावर मात्र एके सकाळी यादी लागली. कमी करायच्या बायकांची. बायका छाती पिटत होत्या, कुणी लिहिली ही यादी, त्याचे हात झडोत! भानुमतीनं अक्षर पाहिलं आणि ओळखलं. ते टपोरं, डावीकडे झुकलेलं अक्षर तिनंच पाटीवर गिरवून घेतलेलं होतं. वासुदेव टाइमकीपरच्या ऑफिसात क्लार्क होता. तेविसावं नाव तिचं होतं.

ती कुणालाही काही बोलली नाही. मुकाट्यानं घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्या सामाईक परसात मध्ये भिंत घातली. परसाचं जांभूळ त्याच्या वाट्याला गेलं. पुढे मिलचा भोंगा कायमचा बंद पडला, वासुदेवही घरी बसला. पण भिंत काही पडली नाही.

आणि आता त्या भिंतीपलीकडे सुरुचीचं लग्न होतं! बारशाला जिच्या कानात भानुमतीनं नाव सांगितलं होतं, त्या पोरीचं! नवरामुलगा कंप्युटरच्या कंपनीतला, पुण्याचा. गल्लीत पत्रिका वाटून झाल्या. भानुमती रोज संध्याकाळी दाराशी बसून राही... पत्रिका आली नाही.

अशात आंधीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, तिला तो दोर दिसला. जांभळाच्या बेचक्यातून निघून मागच्या बोळातल्या लोखंडी खांबाला ताणून बांधलेला. मांडवाचा दोर! म्हणजे मांडव पडणार, सनई वाजणार, सगळी गल्ली जेवणार, आणि आत्यानं भिंतीपलीकडे बसून पंगतीचा वास घ्यायचा? हातात मोगऱ्याच्या आळ्यातलं तण काढायचा विळा होता. ती बोळात गेली... आणि एका फटक्यात दोर कापला. घरी येऊन देवापुढे बसली, तर हात जोडले जाईनात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आंधी आली.

आंधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वासुदेव करवत घेऊन हजर. मजूर नाही, कुणी नाही, एकटाच. भगदाडातून अलीकडे आला आणि फांद्या कापू लागला. एकेक झुडूप मोकळं करी, हातानं माती सारखी करी. भानुमती ओसरीवरून बघत होती. त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही तिनं.

दुपारी तो जेवायला गेला, तेव्हा ती उठून बुंध्याशी आली. बेचक्यात दोराचा फास अजून होता. फासाखाली गोणपाटाची घडी घातलेली, झाडाच्या सालीला काचू नये म्हणून. मांडव घालणारा माणूस अशी काळजी घेत नाही! फासापासून हातभर अंतरावर दोराचे दोन तुकडे गाठीनं जोडले होते. भानुमतीनं ती गाठ हातात घेतली...

वाइंडिंगवालीला गाठ ओळखायला डोळे लागत नाहीत. सुताचा धागा तुटला की बायका ज्या गाठीनं तो जोडत, तीच ही, ताण पडेल तशी आणखी घट्ट होणारी. सहा वर्षांच्या वासूला तिनं ती शिकवली होती, सुताच्या बाबिनींच्या ढिगावर बसवून. पण पोर डावखुरं! त्याची गाठ नेहमी उलटी पडे, आणि बायका हसून लोटपोट होत. ही गाठही उलटी होती.

म्हणजे... दोर मांडवाचा नव्हताच! झाड तिच्या बागेकडे कललं होतं, आणि भाऊ त्याला पाठीमागे ओढून धरत होता. कार्य होईपर्यंत. तिच्या मोगऱ्यासाठी!

"हे काय गं करतेस चिखलात?" भगदाडातून आनंदीबाईंनी डोकं घातलं.

"आनंदीबाई... सुरुचीचा मांडव कुठे पडणार आहे हो?"

"घरी कसला मांडव? मल्हारगंजातली धर्मशाळा घेतलीय ना! घरी नुसतं आदल्या दिवशीचं ग्रहमख, ग्रहांची पूजा. तुला नाही माहीत?"

भानुमतीनं लोंबता दोर टोकापर्यंत हातातून ओढला. आणि एक गोष्ट तिला उमगली: काल सगळ्यांसमोर त्यानं ते कापलेलं टोक चाचपलं होतं. त्याला ठाऊक होतं!

मग तो बोलला का नाही?

पुढले चार दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. गल्लीनं वासुदेवशी बोलणं टाकलं. किराणेवाला त्याला सुनावू लागला. ग्रहमखाच्या आदल्या दिवशी व्याही आले, आणि फुटक्या भिंतीतून त्यांचा आवाज सरळ तिच्या ओसरीवर आला: "वासुदेवराव, सख्ख्या बहिणीचं पोट बुडवलंत म्हणे! अशा घरातली मुलगी करताना माणूस विचार करतो हो..."

वासुदेव खालच्या आवाजात म्हणाला, "चुकलं माझं."

खरं सांगायला भानुमतीची जीभ उचलेना. कार्य तोंडावर आलेलं, आणि बिनलग्नाच्या म्हाताऱ्या आत्यानं मांडवाचा म्हणून दोर कापला! हे कळल्यावर गल्लीतली एकही सवाशीण पुन्हा तिचा गजरा केसांत माळणार नव्हती. वाचलेली पाच झुडपंही मग कशासाठी जगवायची? पण ते "चुकलं माझं" तिच्या काळजात विळ्यासारखं फिरत राहिलं.

ग्रहमखाच्या सकाळी तिनं पाच झुडपांवरच्या होत्या नव्हत्या तेवढ्या कळ्या खुडल्या. मुंडावळ्या ओवल्या. आणि एका हातात मुंडावळ्यांचं ताट, दुसऱ्या हातात ती दोराची गाठ, अशी ती आठ वर्षांनी भावाच्या दारात उभी राहिली. आत बायका, व्याही, भटजी... सगळे वळून बघू लागले.

वासुदेवची बायको शोभना पुढे आली. "वन्सं? बोलावल्याशिवाय बऱ्या आलात!"

"सांगायला आलेय, शोभना. सगळ्यांदेखत." भानुमतीनं दोराची गाठ पुढे केली. "झाड वासूनं पाडलं नाही. त्यानं ते दोरानं आवळून धरलं होतं, माझ्या बागेवर पडू नये म्हणून. मला वाटलं, मांडवाचा दोर आहे. मला बोलावलं नाही म्हणून... मी कापला. या हातानं! शिव्या द्यायच्या त्या मला द्या हो. त्याला नको!"

"अगंबाई! मांडवाचा म्हणून कापला?" कुणीतरी हळूच पुटपुटलं. पाचसहा पदर एकदम सावरले गेले. आनंदीबाईंनीसुद्धा केसांतल्या गजऱ्याला हात लावला... आणि तो काढून ओट्यावर ठेवला. भानुमतीनं ते पाहिलं.

शोभनाच्या ओठांचा नुसता धागा झाला होता. तिनं मुंडावळ्या उचलल्या. "फुलं ठेवते. तुम्ही आत येऊ नका. शुभ काम आहे."

भानुमती मागे फिरली. परसात येऊन त्या आडव्या बुंध्यावर बसली. थोड्या वेळानं शेजारी कुणीतरी टेकलं.

"तू आत जा, वासू. मुलीचा बाप आहेस."

"भटजींची मांडामांड चाललीय. बसतो जरा."

"त्याच दिवशी ओळखलंस ना?"

"तुटलेला दोर पिंजतो, अक्का. कापलेला नाही. आपण दोघं सुतातली माणसं."

"मग बोलला का नाहीस रे?"

वासुदेवनं पायाखालची माती उकरली. "यादीवरचं माझं अक्षर तू ओळखलंस. फाटकावर बायका विचारत होत्या, कुणी लिहिली. तू नाव घेतलं असतंस, तर त्यांनी मला तिथंच फाडला असता. तू गप्प राहिलीस. म्हटलं, एकदा आपणही राहून बघावं."

"पत्रिका का नाही दिलीस?"

"रोज घेऊन निघायचो. भिंतीपाशी येऊन परत फिरायचो. तू परत केली असतीस तर?"

"केली असती," भानुमती म्हणाली.

आतून मंत्र सुरू झाल्याचा आवाज आला, तरी तो उठला नाही.

"अक्का, साहेब नावं सांगत गेले, मी लिहीत गेलो. वाटलं होतं, तुझं आलं की हात थांबेल." त्यानं उकरलेली माती पायानं पुन्हा सारखी केली. "नाही थांबला. हेच खरं."

असू दे, असं म्हणायला भानुमतीचे ओठ उघडले... आणि मिटले. "ते मी विसरणार नाही, वासू."

"नको विसरूस."

"आणि दोर मी कापला, तरी झाड तुझंच होतं."

"होतं की!" तो डोळे पुसत हसला.

तेवढ्यात सुरुची धावत बाहेर आली, हळदीनं माखलेली, मुंडावळ्या नाकावर घसरलेल्या. "बाबा, आत बोलावताहेत! आत्या, या बघ ना. आईनं बांधल्या, पण टिकतच नाहीयेत. भटजी म्हणताहेत, नीट बांधून आण."

भानुमतीनं दचकून दाराकडे पाहिलं. "मी नको गं, बाई..."

"तूच! पटकन, यार आत्या!" पोरीनं पाठ फिरवून डोकं वाकवलं.

भानुमतीची बोटं वर गेली. दोऱ्याचा स्पर्श होताच आपोआप चालू लागली. तीस वर्षांची सवय! एक वेढा, टोक खालून, आणि हलकासा हिसका.

"बसली गं बसली! पण आत्या, उद्या सुटेल ना ही गाठ?"

"सुटत नाही ही, बाई... कापावी लागते."

दारात शोभना येऊन उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. चेहरा तसाच कठोर, नजर नणंदेकडे नाही, भलतीकडेच.

"मग उद्या धर्मशाळेत कापायला तुम्हीच या, वन्सं," ती म्हणाली. "हत्यार तुमच्याकडे आहेच."